गाडीसमोर विचारलेला प्रश्न

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला एकेक प्रश्न विचारला. नातवाचा प्रश्न असा, की आजोबांच्या काळातली ती देशी मोटारसायकल कंपनी पुन्हा सुरू होते आहे, तर लोक ती गाडी घेतील का? नातीचा प्रश्न असा, की पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली आजोबांची गाडी विकायची का? हैदराबादचा कोणी जुन्या गाड्या जमवणारा माणूस नातीला सारखा विचारतो आहे म्हणे. दोन्ही प्रश्नांना मी "कळवते" एवढंच म्हणाले. कागदावर मांडल्याशिवाय माझं डोकं चालत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

सोमवारी सकाळी चष्मा पुसला, कागद घेतला, पट्टी लावून मधोमध रेघ मारली. डावीकडे "घेतील" लिहिलं, उजवीकडे "घेणार नाहीत". आणि पेन खाली ठेवलं. असाच कागद मी एकदा पूर्वी केला होता. त्याच्यावर विसंबून आम्ही दुकानाचं भवितव्य ठरवलं. तो कागद खोटा होता की खरा, हे मला अजून सांगता येत नाही. म्हणून आधी ते सांगते.

नांदेडला वजिराबादेत आजोबांचं मोटारसायकलचं दुकान होतं. एका देशी कंपनीची एजन्सी. पुढे काचेच्या खोलीत दोन नव्या गाड्या मांडलेल्या, मागे पत्र्याखाली दुरुस्ती, आणि दोहोंच्या मध्ये कडुलिंबाचं झाड असलेलं अंगण. अंगणावर राज्य उस्तादचं. उस्ताद म्हणजे आमचा मुख्य मिस्त्री. गाडी कोपऱ्यावर वळली की आवाजावरून तो मालकाचं गाव सांगायचा. आजोबांना सगळे मालक म्हणत, मला उस्ताद भाभी म्हणायचा आणि बाकी सगळे बाई म्हणत, कारण मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते.

माझं शिक्षण हैदराबादला कॉन्व्हेंटमध्ये झालं. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमात शिकलेले. हिशेब, माणसं आणि इंजिन यांत त्यांचा हात कोणी धरत नसे, पण इंग्रजीचं काम माझ्याकडे. कंपनीची पत्रं वाचायची, अर्थ सांगायचा, उत्तर लिहायचं, टाचणी लावून फायलीत घालायचं. शनिवारची अर्धी शाळा सुटली की मी तडक दुकानात जाई.

आमची गाडी तुम्ही फक्त ताडपत्रीखाली पाहिली आहे. ती वजनाला म्हैस होती. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मापून मिसळावं लागे, आणि धूर इतका, की मागे बसलेल्या बाईने पांढरं नेसू नये. पण आवाज! धनी वेशीत शिरला की घरात पहिली भाकरी तव्यावर पडायची, असं बायका सांगत. ती बिघडायचीही सारखी. बिघडली की ज्याची त्याला दुरुस्त करता यायची, आणि मला वाटतं, लोकांचा तिच्यावर जीव होता तो निम्मा त्यामुळेच. पण हे माझं नुसतं वाटणं आहे.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं ते. लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन नवा जिल्हा झाल्याला दोन-चार वर्षं झाली असतील. गावोगाव टँकर फिरत होते. आमच्याकडे धुवायला येणाऱ्या गाड्या उस्ताद रॉकेलच्या बोळ्याने पुसून परत पाठवी. "हिला पाणी लागत न्हाई बघा भाभी, हवेवरच थंड होते. खरी दुष्काळाची गाडी हीच," असं तो दर शनिवारी म्हणे आणि दर शनिवारी स्वतःच हसे. लोक कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे डबे बांधून दोन-तीन कोसांवरून पाणी आणत होते. एवढं ओझं आमचीच गाडी ओढू शकत होती. पण पेट्रोलही तीच पीत होती. एकाच दुष्काळात एकच गाडी लोकांना तारत होती आणि बुडवतही होती. माझ्या गोंधळाची सुरुवात तिथून झाली.

त्याच उन्हाळ्यात एका दुसऱ्या कंपनीचं पत्र आलं. तिने जपान्यांशी हातमिळवणी करून एक छोटी, हलकी गाडी काढली होती. ऑइल मिसळायचं नाही, धूर नाही, आणि थेंबभर पेट्रोलवर गावोगाव फिरावं. लातूर हा नवा जिल्हा, तिथे त्यांना एजंट हवा होता. तुमच्या आजोबांचं नाव त्यांना कोणीतरी सुचवलं होतं. अट एकच, जुनी एजन्सी सोडायची. महिन्याभरात कळवा.

मी पत्र दोनदा वाचून दाखवलं. आजोबा ऐकत काचेच्या खोलीतल्या नव्या गाडीची टाकी रुमालाने पुसत होते. ती पुसायची गरज नव्हती.

"जाऊन बघू तरी," ते म्हणाले.

रविवारी आम्ही आजोबांच्या गाडीवरून लातूरला गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत. मी मागे, एका बाजूला पाय सोडून, पदर कानाभोवती घट्ट बांधून. दोन्हीकडे शेतं उघडी पडलेली, नदीचं पात्र वाळूचं. पण लातूर गाठलं आणि मी चकित झाले. गावात पाणी नव्हतं, आणि तरी गाव नुसतं उसळत होतं. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या. काही पाट्यांवरचं उस्मानाबाद रंगाने झाकून वर लातूर लिहिलं होतं, आणि खालचं नाव उन्हात पुन्हा डोकावत होतं. इतके साहेब, कारकून, ओव्हरसिअर एकदम आलेले. त्या सगळ्यांना तालुक्या-तालुक्याला फिरायचं होतं, म्हणजे गाडी हवी होती.

नव्या कंपनीच्या माणसाने गंजात, म्हणजे तिथल्या बाजारपेठेत, एका आडतीसमोर ती गाडी उभी केली होती. भोवती गर्दी. आडतीचा मालक, कपाळावर विभूती लावलेला म्हातारा व्यापारी, तिच्या दिव्यावरही विभूतीचे तीन पट्टे ओढून मोकळा झाला होता. कंपनीच्या माणसाने गाडी चालू केली. कोणाला ऐकूच आलं नाही.

"चालू हाय का बंद?" एकाने विचारलं.

"हात लावून बघा."

त्याने इंजिनला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. सगळे हसले. दुसरा म्हणाला, "ही गाडी हाय का घड्याळ? नवरा घरी आलेला बायकोला कळायचं न्हाई."

"मग तर पहिली मलाच दे," तिसरा म्हणाला.

आजोबांनी ती गोलाईला, म्हणजे गंजातल्या गोल चौकाला, एक फेरी मारून आणली. उतरले, किल्ली परत दिली. परतताना अहमदपूरला चहाला थांबलो. गाडी पलीकडे झाडाखाली उभी होती, आम्ही हॉटेलच्या आतल्या बाकावर. बशीत चहा ओतता ओतता ते एवढंच म्हणाले, "आवाज नव्हता, पण ओढ होती तिला." मी ऐकलं. पण माझ्या डोक्यात तेव्हा वेगळंच चाललं होतं, आणि मी म्हणाले, "असं अंदाजाने नको ठरवायला. आपण लोकांना विचारू. वहीत लिहून घेऊ." त्यांनी मान डोलावली. मग गाडीवर बसलो, आणि लोह्याच्या अलीकडे मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "अहो, पण तुमच्या मनात काय आहे?"

त्यांनी मान न वळवता टाकीवर थाप मारली. "आपली ती आपली. हिला सोडून कुठं जायचं?"

मला वाटलं, उत्तर मिळालं.

लोकांना विचारायची कल्पना माझीच होती, हे तुम्हाला स्पष्ट सांगते. आमच्या कंपनीने पूर्वी एक इंग्रजी पुस्तिका पाठवली होती, गिऱ्हाइकाची निष्ठा कशी मोजावी यावर. ती फायलीत होती. वाचल्यापासून मला असं काहीतरी करून पाहायचं होतं. मी दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले: गाव, धंदा, गाडी किती वर्षं, आणि शेवटचा प्रश्न, पुढची गाडी कोणती घेणार? उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. रोज सकाळी कडुलिंबाखाली खुर्ची टाकून मी बसे. गाडी दुरुस्तीला आली की मालक तिच्यावर बसूनच नंबर लागायची वाट बघत, आणि मी वही घेऊन त्यांच्यापाशी जाई.

पहिला अर्धापूरचा केळीवाला. गाडीवर मागे केळीचे घड लादून आणायचा. त्या वर्षी बाग अर्धी वाळली होती.

"पुढची गाडी कोणती घ्याल?"

"हीच की बाई!" तो जवळजवळ दुखावला. "हिच्यावर माझं लगीन झालं. वरात हिच्यावरून निघाली."

"पण ती नवी गाडी पेट्रोल कमी पिते म्हणतात."

"पिऊ दे. सायकलबी न्हाई पेत. मंग काय सायकल घेऊ?"

देगलूरचा एक कापडवाला आला. मराठी बोलता बोलता तेलुगूत शिरायचा. त्याने हँडलवर दोन्ही हात ठेवून सांगितलं, "ही माझी अक्का हाय, बाई." अक्का म्हणजे मोठी बहीण. "अक्काला कोण बदलतं?" मी रकान्यात "हीच" लिहिलं आणि शेऱ्यात "बहीण".

पंधरा दिवसांत वहीची पानंच्या पानं भरली. हीच, हीच, हीच. एक म्हणाला आयुष्यभर हीच. एकाने शपथ घेतली, मी मागितली नसताना. मला एखादा अवघड इंग्रजी उतारा सुटल्यासारखा आनंद होत होता.

उलट उत्तर एकच आलं. एक ग्रामसेवक होते, टँकरच्या खेपा मोजायला गावोगाव फिरणारे. ते त्या दिवशी चालत आले. पेट्रोल संपून गाडी स्टेशनाजवळच राहिली होती. घामाघूम, हातात रिकामी बाटली. "जय भीम बाई," म्हणाले आणि माझ्याच खुर्चीशेजारी स्टुलावर टेकले.

"पुढची गाडी कोणती घ्याल?"

"ती जपानी."

मी वर पाहिलं. "नक्की?"

"बाई, माझ्याकडं अठरा गावं. पगार पेट्रोलात चाललाय. ही गाडी लई गुणाची हाय, माझा जीव हाय तिच्यावर. पण पुढची ती. तुमच्याकडं मिळंल का?"

मी "जपानी" लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, "पेट्रोल संपल्याने चिडलेले. ग्राह्य धरू नये." ते अक्षर अजून वहीत आहे. माझ्या सुरेख इंग्रजी वळणाच्या अक्षरातलं सगळ्यात मूर्ख वाक्य.

महिना संपत आला तेव्हा मी वही आजोबांपुढे ठेवली. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. गाव वाचलं की माणूस ओळखत, मनाशीच हसत. ग्रामसेवकाच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हा खरा माणूस आहे," ते म्हणाले.

"एकच आहे," मी म्हणाले.

"एकच आहे," त्यांनीही म्हटलं. मग वही मिटली. "तू शिकलेली आहेस. तुझा कागद काय म्हणतो?"

"नको म्हणतो."

"मग लिही."

मी लिहिलं. तीन परिच्छेदांचं, अतिशय सभ्य, नकाराचं पत्र. आमची गिऱ्हाइकं आमच्या गाडीशी एकनिष्ठ आहेत, या आशयाचं एक वाक्य त्यात होतं. ते मला इतकं आवडलं होतं, की मी ते टंकलेखन झाल्यावर पुन्हा वाचलं. लातूरची एजन्सी त्या गंजातल्या विभूतीवाल्या व्यापाऱ्याने घेतली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. माणसांच्या हातात थोडा पैसा आला. आमच्या काचेच्या खोलीतल्या दोन गाड्या मात्र तशाच उभ्या. मागे पत्र्याखाली गर्दी होती, पुढे कोणी नव्हतं. मला वाटलं, लोक अजून सावरायचे आहेत.

मग एका शनिवारी शाळेतून येताना दुकानाच्या अलीकडच्या गल्लीत एक नवी कोरी जपानी गाडी दिसली. मागे केळीचा घड बांधलेला. दुकानात शिरले तर केळीवाला आत, हातात जुन्या गाडीची क्लच-प्लेट घेऊन उस्तादशी बोलत होता. चालत आल्यासारखा.

"गल्लीतली गाडी तुमची का हो?" मी विचारलं.

तो क्लच-प्लेटीकडे बघू लागला. "हाव बाई."

"तुम्ही तर हीच घेणार म्हणाला होतात."

"म्हणलो होतो की."

"मग?"

"म्हणलो होतो, बाई," तो पुन्हा म्हणाला. त्याला आणखी काय सांगावं ते सुचत नव्हतं, आणि मी काय विचारते आहे हेही त्याला कळत नव्हतं. "जुनी हाय ना घरी. ती कुठं इकली? तिच्यासाठीच प्लेट न्यायलो."

पुढच्या दोन महिन्यांत मी ती गल्ली दर शनिवारी बघू लागले. कधी दोन गाड्या, कधी चार. लातूरहून, उदगीरहून आणलेल्या. लोक नवी गाडी गल्लीत लावत, आणि जुनीचा सुटा भाग हातात घेऊन चालत आमच्याकडे येत. देगलूरचा कापडवालासुद्धा. मला भयंकर राग आला. इतक्या माणसांनी माझ्या तोंडावर खोटं बोलावं? आधी वाटलं, बाईंना नाही कसं म्हणायचं म्हणून हो म्हणाले असतील. यांच्यातल्या कित्येकांच्या मुली माझ्या वर्गात होत्या. मी उस्तादला तसं म्हणाले.

उस्ताद कार्बुरेटर फुंकत होता. तो थांबला. "भाभी, एक बात बोलू? तुम्ही त्यांना विचारलं कुठं?"

"इथंच. अंगणात."

"ते कशावर बसले होते?"

"आपापल्या गाडीवर."

"मग?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गणितात दोन आणि दोन विसरले होते. "गाडीसमोर कोण न्हाई म्हनंल? कुळवाडी बैल इकायचा म्हनलं तर गोठ्यात बोलत न्हाई. लांब बांधावर जाऊन बोलतो. बैलाला कळतं. तो खायचं सोडतो."

"गाडीला काय कळतं, उस्ताद?"

"मला काय मालूम? पन मी तर बोलणार न्हाई बुवा तिच्यासमोर. उद्या रस्त्यात बंद पडली म्हंजे?"

मी आत गेले, वही काढली. ग्रामसेवकांची ओळ शोधली. ते चालत आले होते. गाडी स्टेशनाजवळ होती. पंधरा दिवसांत मी ज्या एका माणसाला त्याच्या गाडीच्या माघारी विचारलं, तो तेवढा होता.

हैदराबादच्या माझ्या शिक्षणात हे कुठेच नव्हतं. त्या इंग्रजी पुस्तिकेतही नव्हतं. पण म्हणून ते मला ठाऊक नव्हतं, असं म्हणता येत नाही. माझ्या माहेरी गाय विकायची ठरली, तेव्हा माझे वडील पाहुण्याला घेऊन देवळापर्यंत चालत गेले होते. मी लहान होते, मला वाटलं दर्शनाला गेले.

संध्याकाळी मी आजोबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "खोटं नाही बोलले ते. जीव आहेच त्यांचा." पुढे कधी त्यांनी हा विषय काढला नाही.

त्यानंतरचं तुम्हाला थोडंफार माहीत आहे. आमच्या कंपनीने नवी गाडी काढायला फार उशीर केला. नंतर कारखानाच बंद झाला. काचेच्या खोलीत आम्ही सुटे भाग मांडले. दुकान चाललं, तुमच्या बाबांचं शिक्षण झालं, उपाशी कोणी राहिलं नाही. उस्तादने शेवटपर्यंत काम केलं. पण लातूर गेलं. त्या गंजातल्या व्यापाऱ्याची पुढे चार तालुक्यांत दुकानं झाली.

मला त्याचं फार वाटत नाही. मला राहून राहून वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मी आजोबांना त्यांच्या मनातलं विचारलं, ते कुठे? धावत्या गाडीवर. लोह्याच्या अलीकडे, त्यांचे गुडघे टाकीला लागलेले असताना. आणि त्याआधी अहमदपूरला, गाडी पलीकडे झाडाखाली असताना, आतल्या बाकावर बसून ते आपणहून म्हणाले होते, "आवाज नव्हता, पण ओढ होती तिला." त्यांना लातूरला जायचं होतं का? ते तेच सांगत होते का? की नुसती त्या गाडीची तारीफ होती, जशी आपण शेजारच्यांच्या जावयाची करतो? मी त्या बाकावर एक प्रश्न आणखी विचारला असता तर कळलं असतं. मी वहीच्या रकान्यांबद्दल बोलत होते.

पुढे इतकी वर्षं घर एक, जेवण एक, पण मी विचारलं नाही. एकदा विचारायला गेले तेव्हा ते पोर्चमध्ये गाडी पुसत होते, आणि मी तशीच परत फिरले. मला हसू आलं माझंच. तेव्हा मीही ते मानायला लागले होते का, हेही मला सांगता येत नाही.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येते. तू म्हणालास, कंपनी पुन्हा सुरू होण्याची बातमी आली आणि खाली हजारो जुन्या लोकांनी लिहिलं, आम्ही घेणारच, हीच घेणार. बाळा, ते सगळे खरं लिहीत आहेत. पण त्या बातमीवर गाडीचा फोटो आहे ना? मला तू पाठवलास तो, लाल टाकीचा. मीही तो दोनदा मोठा करून पाहिला. अशा फोटोखाली माणूस दुसरं काय लिहील? तू नोकरी करतोस त्या कारखान्यात यावर कोणी अभ्यास करत असेल तर त्यांना सांग, माणसांना घरी बोलवा, चहा द्या, गाडीच्या माघारी विचारा. आणि ते नवी गाडी घेणार नाहीत असं निघालं, तरी जुनीची क्लच-प्लेट न्यायला ते कितीदा चालत येतील, हेही विचारा. त्यालाही रकाना ठेवा. माझ्या वहीत तो नव्हता. देशी कारखाने जगतील की नाही, याचं उत्तर त्या दोन रकान्यांच्या मध्ये कुठेतरी आहे असं मला वाटतं. पण नक्की कुठे, ते मला दिसत नाही.

नातीच्या प्रश्नाचं असं झालं, की तो हैदराबादचा माणूस बुधवारी स्वतःच आला. चांगला मुलगा, नम्र. येताना फळं घेऊन आला. मी दार उघडायच्या आत त्याने पोर्चमध्ये ताडपत्री वर केली होती. टाकीवर हात फिरवत म्हणाला, "आजी, किती जपलीये! मला द्याल का? मी हिला चालती ठेवीन."

"विकायची नाही," मी म्हणाले. लगेच. विचार न करता.

तो ओशाळला, म्हणाला, "काही हरकत नाही, आजी." चहा घेऊन गेला. गाडीवर ताडपत्री मी पुन्हा नीट घातली, चारी कोपरे खोचले. आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी कुठे उभी राहून उत्तर दिलं.

म्हणून हे सगळं मी मागच्या खोलीत बसून लिहिते आहे. इथे उजेड कमी आहे, पण पोर्च इथून दिसत नाही. मी नवा कागद घेतला आहे, मधोमध रेघ मारली आहे, डावीकडे "विकावी" आणि उजवीकडे "ठेवावी" लिहिलं आहे. तो मुलगा तिला चालती ठेवील, हे डावीकडे लिहिलं. मी ती चालवू शकत नाही आणि उस्ताद आता नाही, हेही डावीकडे. उजवीकडे अजून काही सुचलेलं नाही. रकाना कोरा आहे, आणि तरीही तोच मला जड वाटतो आहे.

रविवारी तुमचा फोन येईल तेव्हा पुन्हा विचारा. फक्त आधी एवढं विचारून घ्या, की आजी, तू आत्ता कुठे बसली आहेस? पोर्चमध्ये असेन तर थांबा. मी आत येईपर्यंत कामाचं, हवेचं, जेवणाचं काहीतरी बोलत राहा.